घामाचं गोत्र

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या मराठी माणसानं आयुष्यात एकदा तरी कातडीचं चित्र काढलेलं असतं. जर्नलच्या कोऱ्या पानावर, टोकदार पेन्सिलीनं, एक डोळा सूक्ष्मदर्शकात आणि दुसरा शेजारच्या जर्नलमध्ये ठेवून काढलेलं. वरच्या अंगाला नागमोडी जांभळी पट्टी, तिच्यावर सुटत आलेले फिकट पापुद्रे, खाली गुलाबी धाग्यांचा अस्ताव्यस्त पसारा, त्यात तिरपा रुतलेला एखादा केस, केसाच्या बगलेत तैलग्रंथी आणि पार तळाशी, कुणीतरी विंचरून टाकलेल्या गुंतवळासारखी, घर्मग्रंथी. मग पट्टी लावून उजवीकडे सरळ रेषा ओढायच्या आणि नावं लिहायची. रेषांनी एकमेकींना छेदता कामा नये, असा सरांचा सक्त नियम. त्वचेच्या आत मात्र सगळं एकमेकांत गेलेलं असतं, कुणाची रेषा कुणाला छेदून जाईल याचा भरवसा नसतो, हे पुढे कधीतरी निवांतपणी ध्यानात येतं. तोवर जर्नल रद्दीत गेलेलं असतं.

काचपट्टीला डकवलेल्या चिठ्ठीवर फक्त एवढं लिहिलेलं असतं: ‘व्ही. एस. ऑफ मॅमेलियन स्किन’. सस्तन प्राण्याच्या त्वचेचा उभा छेद. कोणत्या प्राण्याच्या, ते चिठ्ठी सांगत नाही. उंदीर असेल, ससा असेल, डुक्कर असेल. मला या चिठ्ठीचा मोकळेपणा फार आवडतो. रेशनकार्डापासून लग्नपत्रिकेपर्यंत जगातले बहुतेक कागद तुम्ही नेमके कोण, कुणाचे, कुठले याची आधी चौकशी करतात. ही एकटीच चिठ्ठी अशी की तिला दोन गोष्टी कळल्या तरी पुरतात: अंगावर केस आहेत का, आणि लहानपणी आईचं दूध प्यायलात का.

त्या काचेवरचे रंगही मूळचे नसतात. कातडीचा तुकडा मेणात बसवून त्याचे इतके पातळ काप काढतात, की एका मिलिमीटरच्या जाडीत दोनशे मावावेत. इतका पातळ काप भिंगाखाली धरला, तर आहे म्हणावं तर दिसत नाही आणि नाही म्हणावं तर हातात आहे, अशी परब्रह्मासारखी त्याची अवस्था असते. मग त्याला दोन रंग पाजतात. हिमॅटॉक्सिलिन हा जांभळट निळा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून येतो आणि पेशींची केंद्रकं हुडकून त्यांवर बसतो. इओसिन उरलेल्या सगळ्याला गुलाबी करून टाकतो. रंग चढल्याशिवाय आतलं काही दिसत नाही, हे नाटकातल्या मंडळींना अर्थात फार आधीपासून ठाऊक होतं.

भिंग नसताना सुश्रुतानं त्वचेचे सात थर मोजले. चरकाची मोजणी सहावर थांबते. सुश्रुताच्या ग्रंथात प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवावं, सात रात्रींनी बाहेर काढावं आणि वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हलके हलके घासत एकेक थर पाहावा, असं सांगितलं आहे. जाडी सांगायला त्यानं भाताचा दाणा घेतला. सर्वांत वरची अवभासिनी दाण्याच्या अठराव्या भागाइतकी, तिच्याखालची लोहिता सोळाव्या भागाइतकी, असं करत करत सर्वांत खालची मांसधरा चांगली दोन दाण्यांइतकी. दाण्याचे अठरा भाग त्यानं कशानं केले असतील, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो आणि झोप जाते. पण मन खरं अडतं ते त्यानं दिलेल्या दाखल्यापाशी. गर्भाला त्वचा येते कशी? तर दूध तापत असताना त्यावर साय धरत जावी, तशी. कातडीचा विचार करताना त्या माणसाला दूध आठवावं, हे मला नुसतं काव्य वाटत नाही. त्याचा हात न कळत बरोबर नसेवर पडला होता. ते पुढे सांगतो.

आजचं भिंग बाह्यत्वचेचे चार थर दाखवतं, तळहात-तळपायांवर पाच. पेशी जन्मते ती सगळ्यात खालच्या ओळीत. जन्मल्या क्षणापासून तिची वर जाण्याची वाट सुरू होते. मागून नव्या जन्मत असतात आणि रेटत असतात. जाता जाता ती शेजारणींना घट्ट धरते, अंगात केराटिन भरून घेते, मग हळूहळू चपटी होते, केंद्रक गमावते आणि वर पोचेपर्यंत मरते. साधारण महिनाभराची यात्रा. पृष्ठभागावर ती आणखी काही दिवस कवच म्हणून पडून राहते आणि एका सकाळी टॉवेलाबरोबर निघून जाते. म्हणजे आपल्याला एकमेकांचं जे काही दिसतं, ते मेलेलं असतं. सौंदर्यप्रसाधनांचा सगळा व्यापार या मृतांच्या मोहल्ल्यात चालतो. आणि ज्याच्यावरून स्थळं मोडतात तो वर्ण तर त्याच्याही खाली, तळाच्या ओळीत बसलेल्या रंगपेशींचा उद्योग. या पेशी गोऱ्या माणसात आणि काळ्या माणसात संख्येनं जवळपास सारख्याच असतात. कुणाच्या जास्त काम करतात, कुणाच्या कमी. ‘निमगोरा’ आणि ‘गव्हाळ’ यांच्यामधली जी सीमारेषा विवाहमंडळांच्या वह्यांत इतक्या काटेकोरपणे आखलेली असते, ती भिंगाखाली मला कधीच सापडली नाही.

वरचं सगळं महिन्याभरात गळून जातं, तर आमच्या आजीच्या हातावरचं गोंदण सत्तर वर्षं कसं टिकलं? हिरवट निळं तुळशीवृंदावन होतं, रेषा जराशा पसरलेल्या. लहानपणी मी ते ओल्या बोटानं पुसून पाहत असे आणि ती पुसू देत असे. गोंदणारणीची सुई बाह्यत्वचा ओलांडून खाली अंतस्त्वचेत जाते, म्हणून रंग राहतो, इतकं पुस्तकात होतं. खरी गंमत २०१८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसली. रंगाचा कण परका म्हणून शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला गिळतात, पण तो पचत नाही. पेशी तशीच पोटात रंग धरून बसते. ती मेली की कण सुटतो आणि शेजारची नवी पेशी तो उचलून घेते. उंदरांच्या शेपटीत जे घडलं, तेच आजीच्या मनगटात घडत असणार. तिथलं तुळशीवृंदावन म्हणजे एकदाच सुईनं टोचलेलं आणि मग पेशींच्या कित्येक पिढ्यांनी एकमेकींच्या हाती सोपवलेलं. पहारेकऱ्यांना आपण शत्रू पकडून ठेवला आहे असं वाटत होतं, आणि ते इमानानं आजीचा दागिना सांभाळत होते.

मेलेल्या थरातून स्पर्श आत जातो, याचंही मला नवल वाटतं. १८३१ मध्ये इटलीत फिलिप्पो पाचिनी नावाच्या विद्यार्थ्याला हाताचं विच्छेदन करताना मज्जातंतूंवर बारीक दाण्यांसारखं काहीतरी दिसलं. आज ते पाचिनीचे कण म्हणून ओळखले जातात. थरावर थर चढलेले, डोळ्यांनीसुद्धा दिसतील एवढे, आणि हलक्यातली हलकी थरथर ओळखणारे. दारात ट्रक येऊन थांबला की जमिनीतून पायाला जे कळतं, ते त्यांच्याचमुळे. पाउल लांगरहान्स हा दुसरा विद्यार्थी. १८६८ मध्ये, विशीत असताना, त्यानं बाह्यत्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असा तर्क केला. त्या निघाल्या रोगप्रतिकाराच्या, पण ते कळायला शंभरावर वर्षं गेली. पुढच्याच वर्षी त्यानं स्वादुपिंडातली ती प्रसिद्ध बेटंही टिपली. आपल्याकडे या वयाची मुलं जर्नल पुरं करून सही घेण्यासाठी प्रयोगशाळेबाहेर उभी असतात.

पण मला खरं बोलायचं आहे ते ग्रंथींबद्दल. त्वचेला आपण उगीच कुंपण समजतो. भिंगाखाली पाहिलं तर ते जागोजागी पाझरणारं कुंपण आहे. तैलग्रंथीचं वागणं सगळ्यात टोकाचं. तिथली पेशी तेल बनवत बनवत स्वतःच तेलानं भरून जाते आणि शेवटी फुटते. माल आणि कारखाना एकदमच बाहेर. चेहरा आणि टाळूवर या ग्रंथींची दाटी, तळहात-तळपायांवर एकही नाही. सोळाव्या वर्षी आरशासमोर तासन्‌तास उभं करणाऱ्या तारुण्यपीटिका ही त्यांचीच करणी. पण त्याच ग्रंथी पोटातल्या बाळाच्या अंगावर पांढरा, लोण्यासारखा मऊ लेप चढवतात. त्यात त्यांचं तेल असतं आणि गळालेल्या पेशी असतात. महिने न् महिने पाण्यात राहायचं तर अंगाला काही लावायला हवंच. बाळंतघरातल्या बायका तेलाची वाटी घेऊन बसण्याच्या किती तरी आधी बाळानं आपलं आपण तेल लावून घेतलेलं असतं.

तेल, गळालेल्या पेशी, वाळलेला घाम आणि थोडी धूळ यांना आपण एकत्रितपणे मळ म्हणतो आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्यानं तो घासून काढतो. वर्षातून एकदा आपल्या थंड न्हाणीघरात कुडकुडत आपण जे करतो, ते म्हणजे बाह्यत्वचेच्या सगळ्यात वरच्या थराचं विसर्जन. याच मळापासून पार्वतीनं मुलगा घडवला, असं शिवपुराण सांगतं. प्रत्येक कार्यात ज्याला पहिला मान, तो देव आईच्या कातडीच्या गळालेल्या कणांचा. आपण त्याला दूर्वा वाहतो, मोदक करतो, आरतीला टाळ कुटतो आणि या तपशिलावरून अगदी अलगद पुढे सरकतो. मकरध्वजाचं तेच. लंका जाळून तापलेला मारुती समुद्रावर आला, त्याच्या घामाचा थेंब पाण्यात पडला, तो जलचरानं गिळला आणि मारुतीला मुलगा झाला. ब्रह्मचर्य अबाधित आणि वंशही पुढे. कथा रचणाऱ्याला घामात काहीतरी जिवंत असतं याची शंका आली असावी. ती अगदीच चुकीची नव्हती.

घर्मग्रंथींचा शोध १८३३ चा, यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाचा. दहा वर्षं आधी याच माणसानं बोटांच्या ठशांचे नऊ प्रकार लावून ठेवले होते. माणसाच्या अंगात या ग्रंथी वीस ते चाळीस लाख. जन्मताना जितक्या असतात तितक्याच. पुढे नव्या मिळत नाहीत. मात्र त्यांतल्या सगळ्या जाग्या होत नाहीत. जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञ कुनो यांनी विसाव्या शतकात दाखवलं, की पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल किती उष्ण हवेत वाढतं, त्यावर किती ग्रंथी कामाला लागायच्या ते ठरतं आणि मग ते बदलत नाही. हे वाचल्यापासून मला मिनेसोटातल्या बर्फात राहणाऱ्या आमच्या नागपूरकर नातेवाइकांकडे पाहण्याची नवी दृष्टी आली आहे. भाषा मुलांना येत नाही, सण शनिवारी सरकवले जातात, पुरणपोळी डब्यातून विकत येते. पण जाड जाकिटाच्या आत विदर्भाच्या उन्हाळ्यासाठी जाग्या झालेल्या ग्रंथी अजून वाट पाहत बसलेल्या आहेत.

घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि चिमूटभर मीठ. तो येण्यानं गारवा मिळत नाही, वाळण्यानं मिळतो. एक लिटर घाम पुरता वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नागपूरला मे महिन्यात तो आल्याचं कळतसुद्धा नाही. सदऱ्यावर उमटलेल्या पांढऱ्या मिठाच्या रेघांवरून संध्याकाळी हिशेब लागतो. मुंबईत मात्र हवाच इतकी ओली, की घाम निघतो, कानशिलांवरून ओघळतो, लोकलच्या दांड्याला लागतो, शेजाऱ्याच्या बाहीला लागतो, आणि वाळायचं तेवढं राहून जातं. इतकं प्रामाणिक आणि इतकं निष्फळ काम मुंबईत दुसरं कुणी करत असेल असं वाटत नाही. तळहात आणि तळपायांचा घाम वेगळ्याच खात्याचा. त्याला उन्हाशी फारसं देणंघेणं नाही. तो धास्तीवर चालतो. कांदेपोह्यांची बशी धरलेल्या मुलाचा तळवा जानेवारीतही ओला असतो आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवलेलं मांजर पंजांचे ओले ठसे उमटवत कोपरा शोधतं. स्लाइडवरची चिठ्ठी या दोघांना एकाच नावानं ओळखते, यात तिची काही चूक नाही.

बोटांच्या उंचवट्यांच्या माथ्यावर या ग्रंथींची तोंडं ओळीनं उघडतात. अंगठ्याचा ठसा म्हणून आपण काचेवर मागे ठेवतो तो बराचसा घाम आणि कुठून कुठून लागलेलं तेल. १८५८ मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर सहीऐवजी पंजा उमटवून घेतला आणि १८९७ मध्ये कोलकात्याला ठशांची कचेरी सुरू झाली. ज्याला अक्षर येत नाही त्याची खूण म्हणून ज्या अंगठ्याला आपण नाक मुरडत होतो, तोच आता बँकेत, मोबाइलवर आणि रेशनच्या दुकानात सगळ्यांचा मायबाप झाला आहे. रेशनच्या दुकानात कधी कधी एखादी म्हातारी यंत्रावर अंगठा दाबत राहते आणि यंत्र ओळख पटत नाही म्हणतं. जन्मभर भात लावून, भांडी घासून, दगड उचलून तिचे उंचवटे झिजलेले असतात. ज्या कामात घाम गाळला त्याच कामानं घामाची वाट पुसली, आणि आता यंत्राला तिच्याकडून तोच पुरावा हवा असतो. मागच्या रांगेतली माणसं तिला अंगठा पदराला पुसून बघायला सांगतात. ती पुसते.

काखेतल्या ग्रंथी निराळ्या. त्यांचं तोंड थेट बाहेर उघडत नाही, केसाच्या मुळाशी उघडतं. लहानपणभर त्या झोपलेल्या असतात आणि वयात येताना जाग्या होतात. त्यांच्या स्रावाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो खातात आणि मग जे होतं ते सहा वाजून बारा मिनिटांच्या लोकलमध्ये सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. त्यावर उपाय म्हणून माणसानं हजारो वर्षं काय लावलं? कस्तुरी, म्हणजे हिमालयातल्या एका लाजाळू नर हरणाच्या बेंबीजवळच्या ग्रंथीचा स्राव. जवादी, म्हणजे कस्तुरी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीचा स्राव. आपल्या ग्रंथीचा वास झाकायला दुसऱ्याची ग्रंथी, तीसुद्धा कुठून काढलेली ते यजमानांना न सांगता. हत्तीच्या डोळ्याच्या नि कानाच्या मध्ये अशीच एक ग्रंथी असते. ती पाझरू लागली की आपण म्हणतो हत्तीला मद चढला, आणि संस्कृत कवी त्यावर भुंगे आणून सोडतात. हत्तीच्या गंडस्थळावरचा पाझर काव्यात गेला, घोड्याचा फेसाळ घाम पोवाड्यांच्या वाटेला गेला आणि आपल्या काखेतला तेवढा दुर्गंधीनाशकांच्या जाहिरातीत.

आणि म्हैस. तिच्या कातडीत घर्मग्रंथी गाईच्या मानानं फारच थोड्या, अंगावर केस विरळ, रंग काळा, म्हणजे ऊन शोषायला सगळं तयार आणि ते परत करायची सोय अपुरी. म्हणून ती डबक्यात बसते. आपण तिला मठ्ठ म्हणतो, जाड कातडीची म्हणतो, आणि कुणाला काही समजलं नाही की तिच्या पाठीवरच्या पावसाचा दाखला देतो. प्रत्यक्षात ती तिथे बसून अंगावर चिखल घेत असते आणि त्यातलं पाणी सावकाश वाळू देत असते. तो तिचा उसना घाम आहे. हत्तीची कातडी याच कारणानं भेगाळलेली. त्या भेगांतून पाणी नि चिखल कितीतरी वेळ टिकून राहतो. देवमाशांनी तर हा प्रश्नच निकालात काढला. ते समुद्रात गेले आणि घाम नावाची गोष्ट मागे ठेवून गेले. कुत्र्याला घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. बाकीचं सगळं जिभेवर सोपवलेलं. ज्याला अंगभर घाम येतो तो माणूस स्वतःला या सगळ्यांत श्रेष्ठ समजतो आणि घाम आला की लाजतो.

आता सुश्रुताच्या त्या सायीकडे येतो. बदकचोच्या, म्हणजे प्लॅटिपस, हा ऑस्ट्रेलियातला प्राणी अंडी घालतो आणि पिलांना दूधही पाजतो, पण त्याच्या मादीला स्तनाग्रं नसतात. तिच्या पोटावरच्या त्वचेतून, केसांच्या मुळाशी, दूध नुसतं पाझरतं आणि पिलं ते तिथूनच चाटतात. पाहणाऱ्याला वाटावं आईला घाम आला आहे. आणि तसं वाटणं फारसं चूक नाही. दुधाची ग्रंथी म्हणजे मुळात त्वचेचीच ग्रंथी, केसाच्या मुळाशी उघडणाऱ्या काखेतल्या ग्रंथींच्या कुळातली. ओलाव ऑफ्टेडाल या शास्त्रज्ञानं २००२ मध्ये मांडलं, की सस्तनांच्या फार प्राचीन पूर्वजांची अंडी कातड्यासारख्या मऊ कवचाची होती आणि कोरड्या हवेत सुकत. आई त्यांवर बसे आणि तिच्या कातडीतला ओलावा त्यांना मिळे. पोषण नंतर आलं. आधी होतं ते फक्त अंडं सुकू नये म्हणून आईचं घामेजणं. कोट्यवधी वर्षांनी त्याच ओलाव्यात साखर आली, स्निग्धता आली, आणि मग खरवस, श्रीखंड, बासुंदी हे सगळं आलं.

माणसाच्या आईतही हे नातं लपलेलं नाही. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळात बारीक उंचवटे असतात. ते त्वचेच्या ग्रंथींचे, मॉन्टगोमेरी या आयरिश वैद्यानं १८३७ मध्ये वर्णन केलेले. त्यांचा स्राव नाकाजवळ आणला की नुकतं जन्मलेलं बाळ तोंड हलवू लागतं, मान वळवतं. डोळ्यांना अजून धड दिसत नसतं, आवाजांचा गलका कळत नसतो. जगाचा पहिला पत्ता त्याला आईच्या कातडीच्या वासानं मिळतो. आपण पुढे त्या कातडीला धर्म, अब्रू, रंग, गोत्र असलं बरंच काही चिकटवतो. बाळाचा व्यवहार त्याआधीच पूर्ण झालेला असतो.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पेल्यात पिळून देतात. फेस ओठाला लागेपर्यंत पेला गरम असतो, म्हशीच्या अंगाइतकाच. त्याच शहराच्या नावानं जगभर जाणाऱ्या चपला म्हशीच्या, गाईच्या कातड्याच्या. चुन्यात टाकून केस आणि बाह्यत्वचा काढून टाकली, की जे उरतं ती अंतस्त्वचा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी ती कमावतात आणि ती करकरत आपल्या पायाचा आकार घेते. म्हशीच्या कातडीतून पाझरलेलं दूध थेट देवघरात अभिषेकाला गेलं आणि तीच कातडी कमावणारा माणूस शतकानुशतकं वेशीबाहेर ठेवला गेला. हा नकाशा कुणी काढला ते सगळ्यांना माहीत आहे. भिंग लावून काढलेला तो नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

पशुवैद्यकातल्या शरीररचनाशास्त्राच्या काही नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांत कासेला वेगळं प्रकरण नसतं. तिचं वर्णन त्वचेच्या प्रकरणात येतं, घर्मग्रंथींच्या पुढे, खूर आणि शिंगांच्या शेजारी.